चाचांचा डावा कान

"चाचा, आता अर्धा तास डोकं अजिबात हलवायचं नाही. हात थरथरले तर थरथरू देत. डोकं मात्र दगड."

"दगड म्हणजे दगड," दस्तगीरचाचा टेबलावर पडल्या पडल्या म्हणाले. "पण हा पट्टा कान दाबतोय रे."

मी कपाळावरचा पट्टा सैल केला. बोटभर वर सरकवला. डावा कान मोकळा झाला.

"आता?"

"आता बरं. कान मोकळा पाहिजे बाबा. बाकी काय बांधायचं ते बांध."

ही मिरजेतली गोष्ट. सात वर्षं झाली. मी तेव्हा चोवीसचा होतो आणि एका स्कॅन सेंटरमध्ये गॅमा कॅमेऱ्यावर टेक्निशियन होतो. त्या कॅमेऱ्याच्या दोन मोठ्या पाट्या पेशंटच्या डोक्याभोवती फिरतात. एक पाऊल फिरल्या की थांबतात, फोटो घेतात, परत फिरतात. सकाळी पेशंटला इंजेक्शन द्यायचं, चार तास बसवून ठेवायचं, मग स्कॅन.

त्या चार तासांत माझी आणि चाचांची दोस्ती झाली होती.

चाचा म्हणजे दस्तगीर शिकलगार. वय त्रेसष्ट. काम तंबोरे बनवायचं. तंबोरे मिरजेत बरेच जण बनवतात, पण चाचांकडं लोक लांबून यायचे ते जवारीसाठी. मी मिरजेचाच, पण जवारी काय असते ते मला त्या दिवशी कळलं. वेटिंग रूममध्ये बसून.

"तंबोऱ्याच्या भोपळ्यावर घोडी असती बघ," चाचा सांगत होते. "तिच्यावरनं तारा जातात. तार जिथं टेकती, तिथं कानशीनं घासायचं. किती? तर केसाचा पण केस. कमी घासलं तर तार मुकी. जास्त घासलं तर करकरती. त्याच्या मधोमध एक जागा असती. तिथं तार अशी उघडती..."

त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. हात थरथरत होते. उजवा जास्त. चाचांनी एकदा हातांकडं बघितलं आणि ते मांडीखाली घालून बसले.

"आठ महिने झाले," शेजारी बसलेल्या जैनबचाची म्हणाल्या. "आधी चहा सांडायला लागले. मग शर्टाची बटनं लागेनात. आता कानस धरवत नाही. धारवाडच्या एका मास्तरीणबाईंचा तंबोरा आहे, सगळा तयार, नुसती जवारी राहिलीय. दोनदा फोन आला त्यांचा."

"तीनदा," चाचा म्हणाले.

मेंदूच्या डॉक्टरांना खात्री नव्हती. थरथर होती, चालणं संथ झालं होतं, पण सगळी लक्षणं एका ओळीत बसत नव्हती. पार्किन्सन असेल, नाहीतर पार्किन्सनसारखं सोंग घेतलेलं दुसरंच काहीतरी असेल. म्हणून हा स्कॅन. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ठरावीक पेशी मरत जातात आणि ते या स्कॅनमध्ये दिसतं. पेशी मरत असतील तर गोळ्यांवर चाचांचा चहा सांडायचा थांबला असता, बटनंही लागली असती. पण केसाचा पण केस? त्याची हमी कुणी देणार नव्हतं. हे चाचांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं.

फॉर्म मी भरला. "आणखी काही औषधं चालू आहेत?"

"काही नाही," चाची जरा तोऱ्यातच म्हणाल्या. "बीपी नाही, शुगर नाही."

मग त्यांनी डबा काढला. भाकरी, वांगं, कांदा. त्याआधी पर्समधनं एक कॅप्सूल काढून चाचांच्या तळहातावर ठेवली. "ही आधी. रिकाम्या पोटी." मला म्हणाल्या, "गॅसची आहे." आणि लगेच, "तू पण घे की अर्धी भाकरी."

"चाची, आम्हाला इथं पेशंटशेजारी बसून खायचं नसतं."

"का? बॉम्ब आहेत काय हे?"

"इंजेक्शन दिलंय ना. संध्याकाळपर्यंत थोडे बॉम्बच आहेत."

चाचा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "ऐकलंस जैनब? चाळीस वर्षांनी कळलं तुला." मग बंद दारापलीकडनं मशीनचा आवाज येत होता तिकडं बोट करून त्यांनी मला विचारलं, "तुझं हे यंत्र कुठल्या पट्टीतलं रे?"

"पट्टी? कंपनी माहितेय मला."

"काळी दोनच्या आसपास आहे. पण घसरतंय मधनं."

असा माणूस. त्याला मी टेबलावर झोपवला, पट्टा सैल केला, आणि बाहेर येऊन काचेमागं माझ्या खुर्चीत बसलो.

आता खरं सांगतो. त्या अर्ध्या तासात मी चाचांकडं बघत नव्हतो.

माझ्या मांडीवर माझा लॅपटॉप होता. त्यात माझा प्रोग्राम होता, 'सरळ' नावाचा. कोडिंग मला कुणी शिकवलं नव्हतं, व्हिडिओ बघून बघून शिकलो होतो. झालं असं होतं की पेशंटचं डोकं टेबलावर जरा जरी तिरकं पडलं तरी चित्र फसवं यायचं. कांदा तिरका कापला की चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होते, तसं. मेंदूची उजवी बाजू आणि डावी बाजू एका चकतीत नीट येत नाही, मग एक बाजू उगाचच मंद दिसते. 'सरळ' काय करायचा, तर तयार झालेलं चित्र घेऊन डोकं फिरवून सरळ करायचा, मग दोन्ही बाजू मोजायचा, आणि निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडून बघायचा. आमच्या डॉक्टर चौगुले मॅडम रिपोर्ट डोळ्यांनीच द्यायच्या, पण "चालव तुझं बाजूला, बघू काय म्हणतंय" इतपत परवानगी त्यांनी दिली होती. मला वाटायचं, आपण काहीतरी मोठं करतोय. त्या दिवशी एक आकडा चुकत होता आणि मी तो शोधत होतो.

मधेच माइकमधनं चाचांचा आवाज आला. "प्रणित, हे डावीकडं काहीतरी गुणगुणतंय बघ."

"चाचा, बोलू नका," मी वर न बघता म्हणालो.

स्कॅन संपला. आमच्याकडं एक नियम होता. पेशंटला उठवायच्या आधी सगळे कच्चे फोटो एकामागनं एक पळवून बघायचे, सिनेमासारखे. डोकं हललं असेल तर तिथंच कळतं. दोन मिनिटांचं काम.

चाचांना लघवीला जायचं होतं. माझा आकडा नुकताच सापडला होता. मी त्यांना उठवलं.

चित्र आलं. निरोगी मेंदूत मधोमध दोन स्वल्पविराम दिसतात, पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखे. गोल डोकं आणि मागं शेपटी. पार्किन्सनमध्ये आधी शेपट्या विझतात. मग उरतात नुसती दोन टिंबं.

चाचांच्या चित्रात दोन टिंबं होती.

'सरळ' चालवला. त्यानं डोकं फिरवलं, मोजलं, आकडे दिले. दोन्ही बाजू कमी. त्यातही डावी जास्त कमी. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूवर चालतो, आणि थरथर उजव्यालाच जास्त. जुळत होतं सगळं. वाईट वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, पण थोडासा आनंदही झाला. प्रोग्राम चालला होता.

मॅडम बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. "शेपट्या गेल्यात," त्या म्हणाल्या. "पण या कडा मला आवडत नाहीत. पुसट आहेत. आवटी, डोकं हललं होतं का?"

"नाही मॅडम."

असं पटकन आलं तोंडातनं. रस्त्यात कुणी 'जेवलास का' विचारल्यावर 'हो' म्हणतो ना, तसं.

"कच्चे फोटो बघितलेस?"

"हो."

मॅडमनी मान डोलावली. "ठीक आहे. उद्या दुपारी रिपोर्ट घेऊन जा म्हणावं त्यांना."

बाहेर चाची उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. चाचांनी विचारलं, "काय रे, वाजलं का नीट?"

"मॅडम सांगतील चाचा."

चाचा बारीक कामाचा चष्मा माझ्या टेबलावरच विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला जायच्या आधी मी चष्मा द्यायला त्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक लांबट खोली. वर आढ्याला सुकलेले भोपळे टांगलेले, खाली भुसा, लाखेचा वास. मागच्या बाजूला घर. चाचा सतरंजीवर बसले होते. पुढं एका फडक्यात कानशी गुंडाळून ठेवलेल्या. गाठ मारलेली होती.

"हे कशाला बांधलंय?" मी विचारलं.

"तुझं तोंड बघितलं की काल," चाचा सहज म्हणाले. "बस. सलीमला निरोप धाडलाय. पुढच्या गल्लीत आहे. शुक्रवारी येऊन धारवाडचा तंबोरा घेऊन जाईल. तो करील जवारी."

"चांगली करतो का?"

"घासतो चांगली. ऐकत नाही."

चाची चहा घेऊन आल्या. कप चाचांच्या हातात नाही दिला, पुढं पाटावर ठेवला. अर्धाच भरलेला. मग त्या कोपऱ्यातला तोच धारवाडचा तंबोरा घेऊन बसल्या. तांबूस भोपळा, दांडीवर हस्तिदंती रंगाची पानं. "जायच्या आधी एकदा ऐकून तरी ठेवा," असं म्हणत त्यांनी तारा छेडायला सुरुवात केली. चार तारा, संथ, सारख्या.

"तुम्ही वाजवता चाची?"

"मी कुठली वाजवते. हे घासतात तेव्हा कुणीतरी छेडायला पाहिजे. दोन्ही हात ह्यांचे गुंतलेले. लग्न झाल्यापासनं हेच काम आहे मला."

चाचांनी डोळे मिटले. ऐकायला लागले.

आणि त्यांचं डोकं कलायला लागलं.

एवढं हळू की बघताना समजतच नव्हतं. आधी हनुवटी बोटभर डावीकडं. मग मान. घड्याळाचा तासकाटा जसा सरकतो तसं. डावा कान तंबोऱ्याकडं, अजून थोडा, अजून थोडा. दोनएक मिनिटांनी मान पार कलली होती आणि चाचांना पत्ताच नव्हता.

माझ्या हातातला चहा निवला.

"चाचा, तुमचं डोकं."

"काय झालं?"

"वाकडं झालंय."

"हॅट. मी हललोच नाही."

चाची छेडायच्या थांबून हसायला लागल्या. "सरळ कधी असतंय ते! थांब, तुला गंमत दाखवते." त्या आत जाऊन एक फ्रेम घेऊन आल्या. लग्नाचा फोटो. चाची सरळ समोर बघतायत, अठरा वर्षांच्या, रागीट. शेजारी शेरवानीत चाचा, आणि त्यांचं डोकं फोटोतनं बाहेर पडेल एवढं डावीकडं.

"डाव्या बाजूला बँडवाले उभे होते," चाची म्हणाल्या. "क्लॅरनेटवाला बेसूर होता म्हणे. माझ्या आईला वाटलं, नवऱ्याच्या मानेत काहीतरी दोष आहे. रडली बिचारी."

"बेसूरच होता," चाचा म्हणाले. "तुझ्या यंत्रासारखा. काल डावीकडं एक घरघर होती, तिच्यात दुसरी एक बारीक. दोन्ही जुळायला बघत होत्या, जुळत नव्हत्या. अर्धा तास तेच ऐकत होतो मी."

"डावा कान लावून?"

"मग काय, उजव्यानं काय ऐकू येतंय?"

मी चहा तसाच ठेवला आणि पळालो. चष्मा माझ्या खिशातच राहिला.

सेंटरवर जाऊन कच्चे फोटो उघडले. पळवले. पहिल्या दहा-बारा फोटोंत डोकं सरळ. मग सुरू झालं. सूर्यफूल वळतं तसं डोकं सावकाश डावीकडं, एकेक फोटोला जरा जरा, शेवटच्या फोटोपर्यंत. सैल पट्ट्यातनं. तो पट्टा मी सैल केला होता.

मॅडम त्यांच्या खोलीत होत्या. पुढ्यात पाकिटं. वरच्याच पाकिटावर चाचांचं नाव.

"मॅडम, काल तुम्ही विचारलं होतं, डोकं हललं का."

"हं."

"मी बघितलंच नव्हतं. न बघता नाही म्हणालो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि माझ्यामागनं आल्या. मी फोटो पळवले. त्यांनी ते तीनदा बघितले.

"तुझ्या 'सरळ'ला हे कळलं नाही?"

"त्याच्याकडं शेवटचं चित्र येतं ना मॅडम. वाकडं असेल तर तो सरळ करतो. पण हलत हलत काढलेलं..."

"भात कालवल्यावर वरण वेगळं काढता येत नाही, आवटी," मॅडम म्हणाल्या. "शेपट्या विझल्यात की पुसल्या गेल्यात, हे या चित्रावरनं देवही सांगू शकत नाही. तू पण नाही. मी पण नाही. आणि मी पण सही करून बसले."

त्या परत खोलीत गेल्या. पाकीट उघडलं, रिपोर्ट काढला, चार तुकडे केले.

"फोन तू करायचास. आणि जे झालं तेच सांगायचं. मशीन बिघडलं होतं वगैरे काही नाही."

फोन चाचींनी उचलला. मी सगळं सांगितलं. पट्टा, लॅपटॉप, न बघता नाही म्हणणं, सगळं.

"म्हणजे परत सुई?"

"हो चाची. पुढच्या सोमवारी. माझ्या चुकीमुळं."

"तुझी काय चूक? वाकडं तर ह्यांचं आहे." मागनं चाचांचा आवाज आला, "मी हललो नाही म्हणावं त्याला!"

"चाची, अजून एक. तंबोरा शुक्रवारी देऊ नका. सोमवारपर्यंत थांबा."

चाचींचा आवाज एकदम हळू झाला. "बाळा, चांगलं निघेल काय?"

"माहीत नाही चाची. खरंच माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "माहीत नाही म्हणालास ते बरं केलंस."

आता प्रश्न असा होता की डोकं हलू द्यायचं कसं नाही. घट्ट बांधलं असतं, पण कान झाकला की चाचा आतनं धडपडणार आणि मशीन त्याच सुरात गुणगुणणार. मी म्हणालो, मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून छातीवर ठेवू, बरोबर मधोमध. म्हणजे कान मधेच राहील.

चाचा फोनवर म्हणाले, "तो डबा? त्यापेक्षा तुझं यंत्र परवडलं."

मग मागनं चाची म्हणाल्या, "मी येते की घेऊन."

सोमवारी सेंटरच्या दारात रिक्षा थांबली. आधी तंबोरा उतरला, गोधडीत गुंडाळलेला. मग चाची. मग चाचा. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण यातलं?"

मॅडमनी तंबोऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चाची आत बसल्या तर चालतील, पायाकडं, लांब. आणि दार लावून घ्या. बाहेर वेटिंगमध्ये लोक आहेत, मैफल आहे असं समजून आत यायचे."

टेबलाच्या पायाकडं, अगदी सरळ रेषेत, मी स्टूल ठेवलं. चाची बसल्या, तंबोरा उभा धरला. डोक्याचा पट्टा मी या वेळी नीट बांधला. कानावर तेवढी कापसाची मऊ घडी ठेवली, मधे फट ठेवून.

"दाबतोय?"

"थोडा."

"सहन करा."

"बायकोसारखा बोलायला लागला हा," चाचा म्हणाले आणि डोळे मिटले.

बाहेर येऊन मी लॅपटॉप कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. स्क्रीनवर चाचांच्या डोक्याची कड दिसत होती, तिला लागून स्क्रीनवरच चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. कड पट्टीच्या बाहेर गेली की थांबवायचं, असं ठरवलं.

मशीन फिरायला लागलं. आतनं माइकमधनं तारांचा आवाज यायला लागला. जवारी नसलेल्या तारा. मुक्या, लाकूड वाजवल्यासारख्या. पण संथ आणि सारख्या.

दहा फोटो. वीस. कड पट्टीला चिकटून. पापणी लवू द्यायलाही मी घाबरत होतो. मधे केव्हातरी मॅडम येऊन मागं उभ्या राहिल्या. चाळीस. चाचींचा हात दुखायला लागला असणार, त्यांनी एकदा बोटं झटकली, पण ठेका सोडला नाही. चाचांचे हात पोटावर थरथरत होते. डोकं दगड.

मशीन थांबलं. मी उठलो नाही. कच्चे फोटो पळवले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उठव त्यांना. दमलेत."

पट्टा सोडल्यावर चाचांचं पहिलं वाक्य होतं, "जैनब, जोडीतली एक तार उतरली होती. अर्धा तास सहन केली मी."

"मी पण चाळीस वर्षं करतेय," चाची म्हणाल्या.

चित्र तयार व्हायला थोडा वेळ लागतो. मी खुर्चीत बसून होतो. आधी नुसता धूसर गोळा आला. मग रंग भरत गेले. मग दोन स्वल्पविराम. पाठीला पाठ लावून. दोन्हीकडं शेपट्या, शेवटपर्यंत उजळ.

मी मॅडमकडं बघितलं. मॅडम चष्मा पुसत होत्या, मग परत घातला, मग परत काढून पुसला.

मॅडम स्वतः वेटिंगमध्ये गेल्या आणि चाचांशेजारच्या खुर्चीत बसल्या. "पेशी चांगल्या आहेत चाचा. सगळ्या जागेवर आहेत. हा नेहमीचा पार्किन्सन दिसत नाही."

चाचांनी मान डोलावली. चाचींनी पदर तोंडावर घेतला.

"मग हे कशानं होतंय?" चाचांनी हात पुढं केले.

"तेच शोधायचंय. औषधं काही घेता? एखादी पण?"

"काही नाही," चाची पदरातनंच म्हणाल्या. "बीपी नाही, शुगर नाही."

आणि तेव्हा माझ्या डोळ्यापुढं आला चाचांचा तळहात. त्याच्यावरची कॅप्सूल.

"चाची," मी म्हणालो, "ती गॅसची?"

"ती होय. ती काय औषध आहे?"

"बघू," मॅडम म्हणाल्या.

चाचींनी पर्समधनं पाकीट काढलं. मॅडमनी ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. मग उजेडाकडं धरून परत वाचली.

"कधीपासनं घेताय?"

"मागच्याच्या मागच्या रमजानपासनं. पोट फुगत होतं म्हणून मेडिकलवाल्यानं दिली. मग आम्हीच आणतो. रोज एक."

"दीड वर्ष?"

"गॅसचीच तर आहे," चाची म्हणाल्या. या वेळी तोरा नव्हता.

"यात ॲसिडिटीच्या औषधाबरोबर दुसरं एक मिसळलेलं आहे," मॅडम म्हणाल्या. "काही माणसांना ते रोज रोज घेतलं की हुबेहूब असंच होतं. हात कापतात, चाल मंदावते. पेशी शाबूत असतात, पण त्यांचा निरोप मधेच अडतो. मी आजच तुमच्या डॉक्टरांशी बोलते. ते सांगतील तशी बंद करायची." मग माझ्याकडं वळून, "फॉर्म कुणी भरला होता?"

"मी."

"त्याला मीच नाही म्हणाले," चाची मधेच म्हणाल्या.

"त्याच्यासमोर घेतली होती का?"

मी म्हणालो, "हो मॅडम. समोरच."

मॅडमनी एवढंच म्हटलं, "डोळे लॅपटॉपला लावून ठेवू नकोस रे बाबा. पेशंटला पण लाव."

त्या आठवड्यात मी 'सरळ' पहिल्यापासनं लिहायला घेतला. सगळ्यात आधी एक नवीन पायरी घातली. तो आता कुठलंही डोकं सरळ करायच्या आधी कच्चे फोटो पळवून दाखवतो आणि थांबतो. बघितल्याशिवाय पुढं जातच नाही. डोकं ठरावीक रेघेच्या बाहेर गेलं असेल तर आकडे देत नाही, नुसतं लिहितो, 'परत काढा'. मग औषधांची यादी मागतो, त्यात गॅसची गोळी, चक्करची गोळी असं वेगवेगळं विचारतो. आता मी पुण्यात आहे. तो प्रोग्राम इथं पण वापरतो. नवीन पोरं कुरकुरतात, दोन मिनिटं जातात म्हणून. कुरकुरू देत.

गोळी बंद झाली. पण हात लगेच थांबले नाहीत. पहिले दोन महिने काहीच फरक नव्हता. चाची फोन करून सांगायच्या, आज चहा सांडला, आज कमी सांडला. तिसऱ्या महिन्यात बटनं लागली. धारवाडच्या मास्तरीणबाईंना सलीमचं नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी थांबते."

पाचव्या महिन्यात फोन आला तो चाचांचाच. "दुपारी ये. मोकळा ये. आणि तो माझा कामाचा चष्मा आण, आता लागेल."

दुकानात भुशावर ऊन पडलं होतं. फडक्याची गाठ सुटलेली. चाचांच्या हातात कानस होती. चाची तंबोरा धरून बसल्या होत्या. मी कोपऱ्यात बसलो.

चाचांनी चष्मा लावला, कानस घोडीवर टेकवली. मी हातांकडं बघत होतो. थरथर अजून होती, अगदी बारीक, करंगळीत. चाचांनी श्वास सोडला आणि एकदाच घासलं. खस्. चाचींनी छेडलं. चाचांनी मान हलवली, नाही. परत खस्. परत नाही. तारेखालचा दोरा जरा सरकवला. असं किती वेळ चाललं माहीत नाही. खस्. तार. नाही. खस्. तार.

आणि एकदा चाचींनी छेडलं आणि तार संपलीच नाही. आतनं दुसरी एक निघाली, तिच्यातनं अजून एक. त्या दिवशी मशीनच्या खोलीत जे लाकूड वाजलं होतं ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. सगळी खोली भरली. टांगलेले रिकामे भोपळे पण वाजतायत असं वाटलं.

चाचांनी कानस खाली ठेवली. दोन्ही हात उघडले, वेटिंगमध्ये दाखवले होते तसे. या वेळी मांडीखाली घातले नाहीत.

चाची छेडत राहिल्या. मी ऐकत होतो. मग त्यांना एकदम हसू फुटलं.

"अहो, बघा इकडं. ह्याचं पण झालं."

"काय झालं?" मी म्हणालो.

"डोकं बघ तुझं. डावीकडं."

"काहीतरीच चाची," मी म्हणालो. "मी हललोच नाही."